जात्यावरच्या ओव्यांचं मानधन

गेल्या फेब्रुवारीतला दुसरा सोमवार, रक्कम चारशे रुपये. हजर सरकारी रेडिओचे साहेब, एक म्हातारा आणि साक्षीदार म्हणून मी. रेडिओच्या जुन्या अधिकाऱ्यांनी खोट्या सह्या करून गावोगावच्या गायिकांचं मानधन लाटलं होतं. लोकांचा विश्वास परत यावा म्हणून नव्या साहेबांनी पाटोद्यात मंडप घालून, साक्षीदारासमोर ते वाटायला घेतलं.

रेडिओसाठी ओव्या गायलेली म्हाताऱ्याची बायको वारली होती. टोपी काढून दोन्ही हातांत चुरगाळत तो म्हणाला, "साहेब, पैसं आलं न्हाईत, तवा तिला वाटलं आपल्या ओव्या पसंत पडल्या न्हाईत. मग लग्नघरी हळद दळाया जात्यावर बसायची, पर तोंड उघडायची न्हाई. बाया चिडवायच्या, 'रेडिओवाली मुकी झाली गं!' तेवढं सांगा, बरी गायली हुती का?"

साहेबांनी त्या ओव्या ऐकल्या नव्हत्या. बरं वाटावं म्हणून 'हो' म्हणणं सोपं होतं, पण जुन्यांच्या खोट्या सह्यांनंतर खोटं बोलायची त्यांना भीती वाटत असावी.

"बाबा, ऐकून कळवतो," ते म्हणाले.

"आता कुणाला कळवता?" म्हातारा हळूच म्हणाला.

मग त्याने अंगठा दिला, मी सही केली, आणि बायकोचे चारशे रुपये नवऱ्याला रोख मिळाले.