पाण्याचं की पाळण्यांचं

दर उन्हाळ्यात आम्ही मराठवाड्यात गावी जायचो. त्या वर्षी पप्पांना रजाच मिळाली नाही. बेलापूरच्या ज्या सरकारी कचेरीत ते कारकून होते, तिथे कसलंतरी मोठं काम निघालं होतं. मी सातवीत गेले होते, धाकटा भाऊ चौथीत. नेरूळच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं दिवसभर भांडायचो आणि आई वैतागायची. शेवटी एका संध्याकाळी पप्पांनी जाहीर केलं की गाव नाही तर नाही, एक अख्खा दिवस आपण कुठल्यातरी मोठ्या पार्कात घालवू. कुठल्या, ते तुम्ही ठरवा.

ठरवायला आम्हाला आठवडा लागला.

भावाला पाळण्यांचं पार्क हवं होतं. ते मुंबईच्या पार उत्तर टोकाला, खाडीपलीकडे होतं आणि तिथे होडीतून जावं लागायचं. सोसायटीतली दोन मुलं जाऊन आली होती. माणसाला उलटं टांगून फिरवणारा एक पाळणा तिथे आहे, असं त्यांनी सांगितल्यापासून भाऊ जेवताना, झोपताना तेवढंच बोलत होता. मला पाण्याचं पार्क हवं होतं. भिवंडीच्या वाटेवर ते नव्यानं उघडलं होतं आणि माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली होती की तिथे भोंगा वाजला की हौदात समुद्रासारख्या लाटा येतात. सिमेंटच्या हौदात लाटा कशा येतील, हे मला बघायचंच होतं.

पप्पा भावाच्या बाजूचे. पाण्याच्या पार्कात तुझी आई काय करणार, असं त्यांचं म्हणणं. बिचारी दिवसभर काठावर पिशव्या सांभाळत बसेल. मी म्हटलं, पाळण्यात तरी ती कुठे बसणार आहे, तिला साध्या बसमध्ये मळमळतं. तरी पप्पांचं मत बदललं नाही.

शनिवारी संध्याकाळी आई मेथी निवडत बसली होती. पप्पा तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, पाळण्यांकडे दोघं, पाण्याकडे एक, आता तू काय ते सांग. आई अशा वेळी नेहमी ‘तुम्ही म्हणाल ते’ म्हणायची. घराचा रंग, माझी शाळा, टीव्ही कुठे ठेवायचा, सगळं तसंच ठरलं होतं. म्हणून भाऊ आधीच उड्या मारायला लागला होता.

आई मेथीवरून नजर न काढता म्हणाली, “पाण्याच्या पार्कात जाऊ.”

पप्पांना वाटलं तिनं माझी बाजू राखली. त्यांनी समजावून सांगितलं की तिथे पाण्यात उतरावं लागतं, नुसतं बघण्यात काही मजा नाही.

“उतरीन की,” आई म्हणाली.

दोन विरुद्ध दोन झालं. पप्पा तिच्याकडे थोडा वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी आपलं मत फिरवलं. भाऊ गॅलरीत जाऊन रडला. दिवाळीत पाळण्यांच्या पार्कात नेईन, असं पप्पांनी त्याला कबूल केलं आणि पुढे नेलंही, पण त्या दिवशी त्यावर त्याचा विश्वास बसला नाही.

मग कपड्यांचा प्रश्न आला. तिथे साडी चालत नाही, सुती कपडेही चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात, असं कळलं. मला वाटलं, झालं, आता आई माघार घेणार. पण ती सरळ खालच्या मजल्यावरच्या आंटींकडे गेली. आंटी उरणजवळच्या मोऱ्याच्या. त्यांचं लहानपण तिथल्या धक्क्याशेजारी गेलं होतं आणि लग्नाआधी त्या भावांच्या बरोबरीनं पोहायच्या. आता त्या घरी शिवणकाम करायच्या आणि पाची वेळा नमाज पढायच्या. आईनं अडखळत सांगितलं, तेव्हा त्या अजिबात हसल्या नाहीत. त्यांनी गडद निळ्या नायलॉनचा पूर्ण बाह्यांचा कुडता आणि सलवार शिवून दिली. आईनं लग्नानंतर साडीशिवाय दुसरं काही घातलं नव्हतं. आंटींच्या आरशासमोर ती एकदा या बाजूनं आणि एकदा त्या बाजूनं वळली आणि मला म्हणाली, “वाईट नाही ना दिसत?” मला ती माझ्या शाळेतल्या एखाद्या मोठ्या ताईसारखी दिसत होती. मी तसं सांगितलं तर लाजली.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. ठाण्याला बस बदलली. भाऊ सगळी वाट खिडकीला नाक लावून गप्प होता. पार्कात शिरल्यावर मात्र त्यानं उंच घसरगुंडी पाहिली आणि त्याचा राग कुठल्या कुठे गेला. तो आणि मी पळालो. बऱ्याच वेळानं परत आलो तर लाटांच्या हौदाजवळ आई तशीच कोरडी उभी होती. तिथे फरशी समुद्रकिनाऱ्यासारखी उतरत उतरत पाण्यात गेली होती. तिची पावलं पाण्यापासून वीतभर अलीकडे होती.

पप्पा तिच्या शेजारी होते. मी जवळ गेले तेव्हा ती त्यांना विचारत होती, “हे सगळे एकाच पाण्यात?”

हौदात खूप माणसं होती. गळ्यात सोनसाखळी घातलेले एक जाडे काका, ट्यूबमध्ये बसलेल्या बायका, कॉलेजची पोरं, तान्हं मूल घेतलेली एक आई. मला वाटलं आईला पाण्याची किळस आली.

“सगळे,” पप्पा म्हणाले.

“कोणी काही विचारत नाही?”

“इथं कोण कोणाला विचारतंय.” मग त्यांनी हात पुढे केला. “चल.”

आई-पप्पांनी एकमेकांचा हात धरलेला मी तोवर कधी पाहिला नव्हता. ते दोघं हळूहळू पाण्यात गेले. घोटे, गुडघे, कंबर. भोंगा वाजला आणि पहिली लाट तिच्या छातीवर आली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. मी वाट बघत होते की ती आता बाहेर येईल. ती आणखी आत गेली.

दुपारी सावलीत बसून आम्ही तिथले वडे खाल्ले. आईचे केस ओलेच होते. भावानं विचारलं की आई, तू लहानपणी विहिरीत पोहायचीस का. गावात विहिरी असतात, म्हणून त्यानं सहज विचारलं होतं.

आई म्हणाली, नाही. आणि मग तिनं आम्हाला जे सांगितलं ते आम्ही आधी कधी ऐकलं नव्हतं. त्यांची वस्ती गावाबाहेर होती आणि त्यांच्या माणसांनी गावच्या विहिरीला शिवायचं नसे. घागर घेऊन लांब उभं राहायचं. गावातल्या एखाद्या बाईला दया आली तर ती वरून पाणी ओतायची. उन्हाळ्यात गावची पोरं पाठीला वाळलेले भोपळे बांधून त्या विहिरीत पोहायला शिकायची. आई बाभळीखाली उभी राहून बघायची. एकदा तिच्याच वर्गातल्या एका मुलीनं तिला हाक मारली, ये म्हणाली. आई कठड्यापर्यंत पोचली असेल नसेल, एक म्हातारा ओरडत अंगावर धावून आला.

“मग?” भाऊ म्हणाला.

“मग माझी आई आली. मला वाटलं आता मार बसणार. तिनं मला घरी नेलं, न्हाणीत उभं केलं, आणि घरात प्यायला ठेवलेलं सगळं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. सगळं. म्हणाली, घे, भीज.”

पप्पा हातातला कागद चुरगळत होते. त्यांनाही हे माहीत नव्हतं, निदान एवढं माहीत नव्हतं. त्यांचंही गाव तसंच होतं, पण तिकडच्या गोष्टी ते दोघं घरात कधी काढत नसत. ते हळूच म्हणाले, मला वाटायचं तुला पाणी नकोच असेल, म्हणून मी त्या पाळण्यांच्या मागे लागलो होतो.

“पाण्याची भीती मला कधीच नव्हती,” आई म्हणाली.

भावानं हातातला वडा तसाच ठेवला आणि आईचा हात धरून ओढायला लागला. नुकतं जेवलोय, थांब, असं पप्पा म्हणाले, पण आई उठली. पुढचा सगळा वेळ तो तिच्याबरोबर होता, एकदाही घसरगुंडीकडे गेला नाही. स्वतःला धड पोहता येत नव्हतं, तरी उथळ पाण्यात तिच्या मानेखाली हात घालून मास्तरासारखा सांगत होता की डोकं मागं टाक, पाय सोड, मी धरलंय. ती पुन्हा पुन्हा बुडायची, नाकात पाणी जायचं, खोकायची, आणि पुन्हा आडवी व्हायची. एकदा तिचे पाय वर आले. कान पाण्यात, तोंड आभाळाकडे, निळा कुडता दोन्ही बाजूंना फुगलेला. भावानं हळूच हात काढून घेतला आणि मला खुणेनं दाखवलं. ती तरंगत होती. काही क्षणच, पण कोणाच्याही आधाराशिवाय.

बंद व्हायची शिट्टी झाली तेव्हा रखवालदाराला तिला दोनदा बोलवावं लागलं.

परतीच्या बसमध्ये तिला झोप लागली. डोकं पप्पांच्या खांद्यावर होतं आणि ओल्या केसांनी त्यांच्या शर्टाची बाही भिजली होती. भावाला आणि मला पुढची सीट मिळाली होती. नेरूळ आलं, आमचा स्टॉप आला, आणि पप्पा जागचे हलले नाहीत. भाऊ वळून सांगायला लागला तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. बस पुढे निघाली. आई जागी झाली तेव्हा आम्ही बरेच लांब गेलो होतो. काय झालं म्हणून तिनं विचारलं, तर पप्पा म्हणाले की गप्पांच्या नादात लक्षच राहिलं नाही. आम्ही उतरलो, पिशव्या वाटून घेतल्या आणि घराच्या दिशेनं माघारी चालत निघालो.