उलटी बाही

आमच्या नाटक कंपनीचे कपडे शिवणारीला आम्ही सगळे टाचणी म्हणायचो. कंपनी बंद पडल्यावर ती एका शिंप्याच्या दुकानात लागली. तिथल्या मालकांच्या नकळत ती घरी शिवलेल्या कपड्यांचे फोटो फोनवर टाकायची. सुरुवातीला कुणी फिरकेना, म्हणून तिने एकदा हजारभर लाइक विकत घेतले. त्यानंतर लाइक येतच राहिले. त्या जिवावर नोकरी सोडायचं तिने ठरवलं आणि तिचा धीर सुटला.

"मावशी, यातले खरे किती, तेच कळत नाही हो," ती माझ्याकडे येऊन म्हणाली.

"आपल्या नाटकांना फुकट पासवाले नुसत्या टाळ्या वाजवायचे. चूक धरायचा तो तिकीट काढून आलेला," मी म्हटलं.

तिने त्याच दुपारी एका झग्याची डावी बाही मुद्दाम उलटी जोडली आणि फोटो टाकला. आम्ही दोघी फोनकडे बघत बसलो. तासाभरात नऊशे लाइक आले, "सुंदर", "अप्रतिम" आलं. बाहीबद्दल कुणी अवाक्षर काढेना.

"मावशी, समोर कुणीच नाहीये," ती पुटपुटली.

"अगं, मध्यंतर तरी होऊ दे."

तेवढ्यात एकाने लिहिलं, "डावी बाही उलटी लागली आहे. उद्या दुकानात जरा लवकर या. बोलायचं आहे."

दुकानाचे मालक होते ते.

टाचणीने फोन उपडा ठेवला. "कधीपासून बघत असतील?" तिने विचारलं.

मी तिचा हात तेवढा धरून ठेवला.