शिवणीत राखलेलं कापड

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर मास्तरांचं शिवणाचं दुकान होतं. पुढे मशीन, मध्ये पडदा, पडद्याआड मास्तर आणि वहिनींचा संसार. खरं तर मास्तरकी मी केली, कॉलेजात शरीराचं रसायनशास्त्र शिकवलं. पण त्या हाकेला ओ द्यावी ती त्यांनीच.

कपडा आत घ्यायचा असला तर मास्तर जादा कापड कधी कापत नसत, शिवणीत दुमडून ठेवत. म्हणत, "आज वाळलेला माणूस उद्या भरतो. कापलेलं काय डिंकानं चिकटवू?"

वहिनींच्या पोटात गाठ निघाली आणि त्या झपाट्याने उतरू लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं, या वजनाला औषध झेपायचं नाही. अंगावर थोडं मांस आलं तर देऊन बघू. झालं, मास्तरांनी पदर खोचला. दूध, अंडी, केळी, दर दोन तासांनी काही ना काही.

"अहो, मी काय कोंबडी आहे, टिपत बसायला?" वहिनी म्हणायच्या.

"कोंबडी असतीस तर एव्हाना अंडी तरी दिली असतीस. पी."

त्या प्यायच्या. तरी गाऊन सैल होतच गेला. मास्तर दर आठवड्याला टेप लावत, गाऊन आत घेत आणि जादा कापड शिवणीत राखत. शेवटी शिवणी बोटाएवढ्या जाड झाल्या.

एकदा मला विचारलं, "सर, खाल्लेलं जातं तरी कुठे?"

मी जमेल तसं सांगितलं. गाठ साखर नीट जाळत नाही, अर्धवट जाळून टाकून देते. ते उरलेलं यकृत गोळा करतं, त्याची पुन्हा साखर करतं आणि त्यात शरीराचीच शक्ती खर्च होते. ती साखर परत गाठ खाते. शिवाय गाठीमुळे अंगभर असे निरोप फिरतात की स्नायू आपणहून विरघळू लागतात. वरून कितीही घाला, ते थांबत नाही.

मास्तर सुईत दोरा ओवत होते. "म्हणजे उसवायचं, शिवायचं, पुन्हा उसवायचं. दोरा आमचा," ते म्हणाले. पण लगेच उठले आणि दूध तापत ठेवलं.

मग एका सकाळी मला जिन्यातच गाठलं. गळ्यात टेप तशीच होती. "सर, कंबर दोन बोटं वाढली! गाऊन पोटावर बसेना. म्हटलं नव्हतं, कापड राखून ठेवावं?" मला ओढतच खाली नेलं. त्यांनी शिवण उसवायला घेतली होती. इतके हसरे मास्तर मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकालाही त्यांनी ती बातमी सांगून टाकली.

रोज येणारी नर्स तेवढ्यात आली. तिने वहिनींचं पाऊल हातात घेतलं, अंगठ्याने दाबलं आणि अंगठा उचलला. खळगा तसाच राहिला, भरलाच नाही.

"काका, हे मांस नाही. पाणी आहे."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मला बोलावं लागलं. रक्तात एक प्रथिन असतं, ते पाण्याला रक्तवाहिन्यांत धरून ठेवायला मदत करतं. यकृत आता ते पुरेसं बनवत नाही, म्हणून पाणी पाझरून पायात, पोटात साठतं.

"मग औषध?" त्यांनी नर्सला विचारलं.

वहिनींना कुशीवर वळवून तिने पाठ दाखवली. कंबरेच्या हाडावर लाल चट्टा पडला होता, शिवणीच्या रेषेत. "हे टोचतंय त्यांना. जखम होईल. जाड शिवणी काढून टाका."

मास्तर गाऊन घेऊन पुढे मशीनवर बसले. पोटाला लागेल तेवढं सोडलं, बाकी आत घेतलं. मग कात्री उचलली.

पडद्याआडून आवाज आला, "अहो, काय कापताय?"

"गिऱ्हाइकाचं आहे."

"बरं," वहिनी म्हणाल्या, "गिऱ्हाईक नाजूक असेल, तर कडा मऊ करून द्या हं."

"देतो," मास्तर म्हणाले, आणि दुसऱ्या बाजूची शिवण कापू लागले.