बिशानची आयरिश पावलं

चांगी विमानतळावर माझी धाकटी बहीण वैजू मला घ्यायला आली ती लंगडतच.

"काय झालं पायाला?" मी विचारलं.

"काही नाही, ताई. पायावर पाय पडला."

"कुणाचा?"

"माझाच."

मी बॅगा पुन्हा एकदा मोजल्या आणि आम्ही टॅक्सीत बसलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छत्रीसारखे पसरलेले पर्जन्यवृक्ष आणि मधल्या कठड्यावर बोगनवेल. सिंगापूरच्या स्वच्छतेविषयी कराडात मला प्रत्येकाने ऐकवलं होतं, म्हणून वैजूची वस्ती, बिशान, येईपर्यंत मी रस्त्यावर कुठे कागद दिसतो का ते पाहत होते. एक दिसला. मला बरं वाटलं.

वैजू रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत हिशेब तपासते. मीही कराडला पतसंस्थेत तेच करते, फक्त माझे आकडे लहान असतात. तिच्या फ्लॅटच्या दाराशी काळे, जाड टाचांचे, पुढून लाकडासारखे टणक बूट ठेवले होते. मला वाटलं, प्लंबर आला आहे.

"ते आईचे आहेत, मावशी," तिची मुलगी इरा म्हणाली. "शी डू आयरिश डान्सिंग. रोज किचनमध्ये. सो नॉइझी, लाह."

हा नाच मी तोवर पाहिला नव्हता. वैजूने दोन पावलं करून दाखवली. हात अंगालगत सरळ सोडायचे, मान ताठ, चेहरा गंभीर. कमरेच्या वर माणूस बँकेच्या रांगेत उभा असल्यासारखा आणि कमरेच्या खाली त्या रांगेत कुणी मुंग्या सोडल्यासारखा. पावलं मला छान वाटली.

"मग अडतंय कुठे?"

"नावांत," वैजू म्हणाली.

तिच्या नाचाच्या वर्गाला आधी ब्रायडी नावाच्या बाई शिकवत. त्या मायदेशी गेल्या आणि ओर्ला नावाची तरुण मुलगी आली. दोघी आयर्लंडच्या, पण एक खालच्या टोकाची, दुसरी वरच्या. पायाचा चवडा जमिनीवर पुढे आणि मागे घासायचा, दोन आवाज काढायचे, याला ब्रायडी 'रॅली' म्हणायच्या. ओर्ला त्यालाच 'बॅटर' म्हणते.

"आणि पुस्तकात?" मी विचारलं.

"पुस्तकात 'ट्रेबल'."

"यातलं बरोबर कुठलं?"

"तिन्ही. तीच तर पंचाईत आहे. ओर्ला नाव पुकारते, मी मनात ब्रायडीचं नाव शोधते, मग पाय शोधते. तोवर संगीत पुढे गेलेलं असतं."

मार्चमध्ये आयरिश मंडळींचा मोठा सण असतो. नदीकाठी मंडप घालतात आणि वर्गातून आठजण निवडून तिथे नाचायला पाठवतात. निवड परीक्षेने होते. वैजू दोनदा नापास झाली होती आणि दोन्ही वर्षं तिने कडेला उभं राहून इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या होत्या. तिसरी परीक्षा येत्या शनिवारी होती.

"या वेळी नाही झालं तर सोडून देणार," ती भांडी पुसता पुसता म्हणाली. "ऑफिस बँकेचं, घर सुधीरचं आणि इराचं. इतक्या वर्षांत ही एकच गोष्ट मी माझ्यासाठी घेतली. त्यातही बाटल्याच सांभाळायच्या असतील तर नको."

सुधीर म्हणजे तिचा नवरा. तो कामासाठी जकार्ताला होता आणि बहुतेक वेळ तिकडेच असतो.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर कम्युनिटी क्लबात (वस्तीच्या सार्वजनिक सभागृहात) गेले. मी बाकावर बसून पाहणार होते. पण शेवटच्या समूहनाचाला एक माणूस कमी पडला आणि ओर्लाने मला हाताला धरून उठवलं. माझ्या वाट्याला अंकल टॅन आले. शेजारच्या आंग मो किओ वस्तीतल्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यातून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे गृहस्थ. डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं होतं आणि चालणं कंटाळवाणं म्हणून ते नाचायला येत होते.

चालायचा भाग मी निभावला. मग ओर्ला म्हणाली, "स्विंग," आणि अंकल टॅननी हातांची कैची करून माझे हात धरले. हे मला येत होतं. लहानपणापासून मंगळागौरी जागवलेल्या बाईला फुगडी शिकवावी लागत नाही. मी पावलं जुळवली, अंग मागे टाकलं आणि घातली. फुगडीत समोरचा दमेपर्यंत थांबायचं नसतं. इथे दोन फेऱ्यांत थांबून आपल्या जागी जायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अंकल टॅन काहीतरी म्हणत होते, पण ते चिनीत होतं. शेवटी त्यांचा चष्मा उडाला, हात सुटले आणि ते शेजारच्या दोन जोड्यांना घेऊन खुर्च्यांच्या थप्पीत गेले.

मी धावत जाऊन चष्मा उचलून दिला. काच शाबूत होती.

"आंटी," ते खाली बसूनच म्हणाले, "यू वॉशिंग मशीन, आह?"

प्रायश्चित्त म्हणून मी त्यांना हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखाली मांडलेल्या खाद्यगाळ्यांत) नाश्ता देऊ केला. तिथे मी सरळ "कॉफी" मागितली आणि गाळेवाला माझ्याकडे दयेने बघत राहिला. तिथे घट्ट गोड दुधाची असते ती 'कोपी', काळी आणि गोड ती 'कोपी ओ', त्यातली साखर काढली की 'कोपी ओ कोसोंग', आणि डब्यातल्या पातळ दुधाची 'कोपी सी'. वैजूने कुणाला काय हवं ते एका दमात सांगितलं. बरोबर काया टोस्ट (नारळ आणि अंड्याचा गोड लेप लावून भाजलेला पाव) होता. तो मी दोनदा घेतला.

"ही नावं तुला कशी लक्षात राहतात?" मी विचारलं.

"त्यात काय? काळी, बिनसाखरेची. डोळ्यांपुढे कप येतो."

"मग बॅटर म्हटल्यावर डोळ्यांपुढे काय येतं?"

तिने कप खाली ठेवला. "ब्रायडी."

अंकल टॅन पाव चावत म्हणाले, "सेम सेम, लाह. ओन्ली नेम डिफरंट."

दुसरं नाव पहिल्यात उतरवून घेण्याचा खटाटोप बंद करायचा आणि प्रत्येक पावलाला डोळ्यांपुढे येईल असं घरचं नाव द्यायचं, असं मी सुचवलं. संध्याकाळी फ्लॅटमध्ये आम्ही बारसं उरकलं. चवडा घासायचा ते 'झटक', ओट्यावरचं पीठ झटकतो तसं. पाय वाकवून टाच दुसऱ्या बाजूच्या कमरेपाशी न्यायची, ओर्लाचा 'कट', ती 'विळी'. एका पायावर उडी आणि दुसरा हळूहळू वर, ते 'दूध उतू'. आडवं सरकत जायचं ते नुसतं 'सरक'. मी नाव घ्यायचं, तिने पाय टाकायचा आणि तोंडानेही म्हणायचं.

थोड्याच वेळात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. घरात तोडफोड चालली आहे का आणि तिचा परवाना घेतला आहे का, असं त्यांनी फार नम्रपणे विचारलं. मग आम्ही व्हॉइड डेकवर (इमारतीच्या तळाच्या मोकळ्या मजल्यावर) गेलो. तिथे दगडी टेबलावर म्हातारे चिनी बुद्धिबळ खेळत होते. वैजूच्या प्रत्येक झटकेला त्यांच्या सोंगट्या हलायच्या. एकाने तर हरत असताना तिला आणखी जोरात नाचायला सांगितलं. अंकल टॅनही सरावाला येऊ लागले. त्यांना 'विळी' म्हणजे काय ते हवं होतं. मी घरातून सुरी आणून तिच्यावर बसायची ॲक्टिंग केली. त्यांचा गैरसमज झाला असावा, पण पाय बरोबर पडू लागला.

शनिवारी क्लबात ओर्ला एकेकाला पुढे बोलावत होती. ती नाव पुकारणार, नाचणाऱ्याने थांबायचं नाही. वैजूची पाळी आली. मी बाकावर पर्स घट्ट धरून बसले होते. संगीत सुरू झालं, ओर्ला नावं घेऊ लागली आणि वैजूचे पाय तिच्याबरोबर पडू लागले. तसे मी ते कधीच पाहिले नव्हते.

फक्त ती ओरडत होती. सराव तोंडाने केलेला असल्यामुळे आता तोंड मिटेना. दूध उतू, झटक, झटक, विळी. सभागृहभर.

ओर्लाने संगीत बंद केलं. "तू काय म्हणतेयस?"

"दूध उतू गेलं," वैजू इंग्रजीत म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "तुमची रायझिंग स्टेप."

ओर्लाने वैजूच्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "पाय बरोबर आहेत. पण मंडपात आठांपैकी एकजण ओरडलेला चालणार नाही. पुन्हा कर. तोंड बंद."

पुन्हा संगीत. वैजूने ओठ दाबून धरले. सुरुवात झाली. दूध गेलं, झटक गेली, आणि मग ओर्ला "कट" म्हणाली तेव्हा वैजूचा पाय हवेत तसाच राहिला. तिचा चेहरा कोऱ्या पाटीसारखा झाला. मला बाटल्या दिसू लागल्या.

"व्हिली," कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणालं.

टाच कमरेपाशी गेली आणि पुढचं सगळं सुरळीत झालं. संगीत संपल्यावर ओर्लाने रांगेकडे पाहिलं. अंकल टॅन पंख्याकडे बघत होते.

"कोण बोललं?"

कुणीच बोललं नव्हतं.

"परीक्षा तिची आहे," ओर्ला म्हणाली. "पुन्हा एकदा. आणि मिस्टर टॅन, तुम्ही बाहेर."

तिसऱ्यांदा वैजू एकटी नाचली. ओठ बंद होते, पण ते आतून हलत होते, हे मला बाकावरून दिसत होतं. 'कट'च्या जागी पाय किंचित उशिरा गेला, पण गेला. ओर्लाने मान डोलावली आणि पुढचं नाव पुकारलं. वैजू माझ्या शेजारी येऊन बसली आणि बुटांचे बंद सोडू लागली. शेवटी ओर्लाने निवडलेल्यांची नावं वाचली, तेव्हा ती म्हणाली, "ताई, आठवी मी आहे."

मी मार्चच्या आधीच परतले. कराडात सगळ्यांनी सिंगापूर कसं आहे म्हणून विचारलं. काढलेले फोटो दाखवले तर त्यांत बाग एकच, बाकी सगळे दगडी टेबलाशेजारच्या पायांचे. प्रवासाला जाताना आपण ठिकाणं पाहायची यादी धरतो. मला मात्र तिथे माझ्या बहिणीची ओळख झाली. घरी असताना मी तिला ताटं मांडतानाच काय ती पाहिली होती.

सण झाल्यावर तिने कॉलिंग कार्डावरून फोन केला. पाऊस आला, मंडप गळला, तरी नाच झाला. ती दुसऱ्या रांगेत होती, तिचं एक पाऊल चुकलं, ते अंकल टॅनखेरीज कुणाला कळलं नाही. सुधीर जकार्तालाच होता. इरा मात्र आली होती, मैत्रिणींना घेऊन.

"आणि ऐक," ती म्हणाली, "ओर्ला उन्हाळ्यात परत चाललीय. तिसऱ्या कुणी बाई येणारेत. त्यांची नावं आणखी निराळी असणार."

मला काळजी वाटली. "मग गं?"

"मग काय," वैजू म्हणाली. "वर्गात दोन नव्या बायका आल्यात. फार घाबरतात बिचाऱ्या नावांना. अर्धा तास आधी या म्हणून सांगितलंय त्यांना, खाली डेकवर. मी घेते त्यांचा सराव."