एका लिफ्टचे वीस

साबणाच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला आंघोळीची गरज नसते, असं आमचे मामा म्हणायचे आणि मामी त्यांना दंडाला धरून मोरीत ढकलायची. वड्यांवर छाप मारणाऱ्या मशीनपाशी त्यांची सव्वीस वर्षं गेली. बोटं कायम गुळगुळीत, अंगठ्याच्या रेषा पुसलेल्या. बँकेतल्या मशीनवर त्यांचा ठसा उमटतच नसे. "मी आहे की नाही याची बँकेलाच शंका आहे," असं ते पाहुण्यांना हौसेने सांगत.

याच बोटांवर कारखान्याची व्हॉलीबॉलची टीम उभी होती. मामा लिफ्टर. मागून आलेला बॉल नेटपाशी बोटांवर झेलायचा आणि शूटरला मारता येईल असा हवेत उभा करून द्यायचा, एवढंच लिफ्टरचं काम. पॉइंट शूटरचा, टाळ्या शूटरला, नोटीस बोर्डावर फोटोही शूटरचाच. मामांना नेटखालून जाताना वाकावं लागत नाही, असं टीमवाले म्हणत आणि म्हणूनच त्यांनी चेष्टेने मामांचं नाव ठेवलं होतं शिडी.

"सगळे माझ्यावर पाय देऊन वर चढतात, मग दुसरं काय म्हणणार?" हे सांगताना मामांची छाती फुगलेली असे.

शूटरचं नाव गोदाम. तो गोदामात पेट्या रचायचा आणि त्याच्या शर्टात आणखी दहाबारा पेट्या सहज मावल्या असत्या. दोघं एकोणीस वर्षं एकत्र खेळले. गोदामने बॉल आपटला की सगळं मैदान त्याच्याकडे बघे, आणि तो वळून मामांकडे बघे. एकदा भुवई उडवायचा, बस्स. तीही दर वेळी नाही, मनात आलं तर. त्या भुवईवर मामांचा आठवडा निघे.

"माझ्याकडे बघून कधी असं तोंड उजळलं नाही तुमचं," मामी म्हणायची.

"तू कधी भुवई उडवलीस?"

मग नवे मॅनेजर आले, ते बक्षिसांचं खूळ घेऊनच. कारखान्यांच्या स्पर्धेत जो पॉइंट मारेल त्याला दर पॉइंटला साठ रुपये, रोख. लिफ्टरचा त्या कागदावर उल्लेखच नव्हता. मामांच्या ते लक्षातही आलं नाही. लक्षात आलं गोदामच्या. पहिला सामना झाल्यावर तो घरी आला, खुर्चीच्या टोकावर बसला आणि एक पाकीट पुढे सरकवलं.

"हे काय?"

"साठातले वीस तुझे. बॉल तू उभा करतोस, मी नुसता आपटतो."

"वेडा आहेस का? ठेव खिशात."

"शिडी, घे रे. मला बरं नाही वाटत."

आतून मामी म्हणाली, "घ्या की! एकोणीस वर्षं फुकट उचलून दिलंत. भावोजी, तुम्ही ठेवा हो टेबलावर."

मामांनी घेतलं. आणखी एकदा नको म्हटलं असतं तर गोदाम दुखावला असता, आणि माणूस दुखावणं मामांना कधी जमलंच नाही. बाकीचे शूटर म्हणाले, "आम्हीही देऊ, बघू." ते बघतच राहिले. वीस यायचे ते फक्त गोदामकडून.

दोन सामन्यांनंतर मामा जेवताना म्हणाले, "आज गोदामचे बारा बसले."

मी चेष्टेत म्हणालो, "म्हणजे दोनशे चाळीस!"

मामी हसली. मामा ताटाकडे बघत राहिले. "मी केव्हाच मोजलं होतं. बॉल बोटांवर असतानाच." मग म्हणाले, "बॉल वर जातो ना, तेव्हा वाटतं, आले वीस. पूर्वी काय वाटायचं, तेच आठवत नाही रे."

"मग परत देऊन टाका," मी म्हणालो.

"काय सांगून देऊ?" ते म्हणाले. "फायनल होऊ दे."

फायनल पाचव्या सेटपर्यंत गेली. आम्ही तेरा, ते चौदा. त्यांची सर्व्हिस आमच्या मागच्या माणसाने नीट घेतली आणि बॉल मामांच्या डोक्यावर आला. उजवीकडे आमचा दुसरा शूटर, बॉयलरवाला, एकटा, समोर अडवायला कुणी नाही. डावीकडे गोदाम आणि त्याच्यासमोर दोन ताडमाड माणसं हात वर करून. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. अशा वेळी मामा न बघता डोक्यामागून बॉल सोडत. ती त्यांची खासियत. त्या दिवशी बॉल गोदामकडे गेला. चार हातांवर आदळून आमच्याच पायाशी पडला.

फायनल गेली. गोदामने मामांच्या खांद्यावर हात टाकला आणि त्यांना हसवायला म्हणून म्हणाला, "जाऊ दे रे शिडी. माझे चाळीस गेले, तुझे वीस."

सगळे हसले. मामा जरा जास्तच हसले.

घरी येताना त्यांनी विचारलं, "तू बघत होतास ना? मी त्याला का दिला?"

"सवयीने, मामा. मोठा पॉइंट, मोठा शूटर."

"तसंही असेल." मग बरंच अंतर चालल्यावर म्हणाले, "पण माझं मलाच ठाऊक नाही."

मी कारखान्याच्या डॉक्टरांना गाठलं. पोट दुखत असलं तरी ते बोलायला मेंदूपासून सुरुवात करत, तेव्हा या बाबतीत त्यांच्याशिवाय होतं कोण? ते म्हणाले, "मेंदू मिळालं म्हणून खूश होत नाही. वाटलं होतं त्याहून जास्त मिळालं, की होतो. भुवई उडेल की नाही हे तुझ्या मामाला आधी माहीत नसायचं. वीस मात्र ठरलेले. आले तरी त्यात नवल काय?"

"मग पैसे बंद केले की झालं."

"बंद केले की मेंदू म्हणतो, वीस कमी आले."

मामांनी सगळी पाकिटं परत दिली. गोदामने एक शब्द न विचारता घेतली. दुसऱ्या दिवशी दोघं मैदानात उतरले. लिफ्ट तशीच, कापसासारखी. गोदामने बॉल आपटला, वळला, भुवई उडवली. मामाही हसले, पण ओळखीचा माणूस रस्त्यात भेटल्यावर हसतात तसे. पूर्वीसारखं वाटतंय का, याची तीन दिवस वाट बघितली त्यांनी. चौथ्या दिवशी सांगितलं, बोटं दुखतात, आता खेळणं होणार नाही.

गोदामला ते खरं वाटलं. तेव्हापासून दर रविवारी तो मलमाची ट्यूब घेऊन येतो, मामांचा हात आपल्या मांडीवर घेतो आणि एकेक बोट चोळत बसतो.

"इथे दुखतं?"

"थोडं."

"आणि इथे?"

"तिथे जास्त."

बोटांना काहीही झालेलं नाही. मामीला ते ठाऊक आहे. ती चहाचे कप ठेवते आणि आत जाते.

"पुढच्या वर्षी खेळशील बघ," गोदाम म्हणतो आणि पुढचं बोट धरतो. मामा हात सोडवून घेत नाहीत.