आक्कानं म्हटलेलं 'वलिवन'

ईरा, निहार, आजीचं हे पत्र बाबांकडून वाचून घ्या.

सकाळच्या एसटीने पुणं सोडलं. बिंदुसरेकाठच्या पालीला माझी थोरली बहीण, आक्का, एकटी राहते. तिला कायमची माझ्याकडे आणायची, एवढ्यासाठीच हा प्रवास. माझ्या घरातही आता बोलायला कुणी नाही.

वाटेत तुम्ही पाठवलेला मालिसीट-पासामाक्वाडी भाषेचा धडा वाचला. तिकडे परदेशात तुमच्या नदीकाठच्या मूळ रहिवाशांची ही भाषा 'ओ' लिहिते आणि 'अ' म्हणते. आभार मानताना लिहायचं 'वोलिवोन', म्हणायचं 'वलिवन'. दोन स्वरांमध्ये सापडलेला 'क' मऊ होऊन 'ग' होतो.

मांजरसुंब्याला पिठलं-भाकरी खाल्ली. पाणी मात्र विकतचं. पुढे बिंदुसरेचं धरण दिसलं. तळाला भेगा, त्यांवरून शेळ्या हिंडत होत्या. पालीत कितीतरी दारांना कुलपं. माणसं सहकारी कारखान्याच्या ऊसतोडीला गेलेली.

"आलीस व्हय? पुण्यात खायला देत न्हाईत का?" आक्का ओट्यावरूनच म्हणाली.

चहा घेताना तिला धडा वाचून दाखवला.

"लिवायचं येक, बोलायचं दुसरंच. असं कावून?"

"बोलणारे आधी होते, अक्षरं मागून आली. म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकूनच शिकायची ही भाषा."

"मंग म्हण की. आपुन काय तरण्या हाव?"

मी म्हटलं, तिनंही म्हटलं, "वलिवन." दोघी खूप हसलो. बरोबर की चूक, हे सांगणारं तिथं कुणीच नव्हतं.

दिवेलागणीला तिनं किल्ल्यांचा जुडगा घेतला. ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरी सांजवात (संध्याकाळचा दिवा) तीच लावते. प्रत्येक उंबऱ्यात थांबून ती आत हाक मारी, "पारू, दिवा लावला गं!" मग पुढचं घर, पुढचं नाव.

शेवटचं दार लावताना मी विषय काढला. "आक्का, चल माझ्याबरोबर. कायमची."

ती कुलूप ओढून बघत राहिली. "मी हितं नसले, तर ह्यांनी मागारी कुणाकडं यायचं?"

"आणि मी?"

"तू ये की हितं," ती म्हणाली. पण माझी औषधं, माझे डॉक्टर पुण्यात आहेत, हे तिलाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी एकटीच परतले. बाळांनो, नियम प्रवासातही पाठ होतात. उच्चाराला मात्र समोर माणूस लागतो. जिन्यात शेजारच्या बाई भेटल्या. "कसं काय गाव?" त्यांनी विचारलं.

"लई बरं वाटलं बगा," मी माझ्या लहानपणच्या बोलीत म्हणाले.

"अय्या, किती छान नक्कल करता!" त्या म्हणाल्या, आणि खाली निघून गेल्या.