साध्या गोळ्या

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेळीच्या पायाला हळद-तेल लावलं. मी शेळी धरली, तिनं लावलं. "धरा की नीट, म्हातारं झालात का?" म्हणाली. मग ओट्यावर बसून बाटलीच्या झाकणात चार गोळ्या काढल्या आणि जिभेवर टाकल्या. त्या गोळ्यांना हात लावायचा नसतो.

तिला दमा होता. सरकारी दवाखान्यात होमिपदीच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरीणबाई फुकट बघायच्या. बाई भल्या, ऐकून घ्यायच्या. कच्चा कांदा बंद करा म्हणाल्या, तर कांदा पिकवणाऱ्याच्या घरात हिनं कांदा सोडला. ओढायचा पंप मात्र चालू ठेवा म्हणाल्या होत्या. तो मी बंद करायला लावला. दोन औषधं एकमेकाला मारतात, असं माझंच शहाणपण.

गेले दोन महिने बाई दिसायच्या न्हाईत. "मीटिंगला गेल्यात," म्हणून औषधाच्या खिडकीतला माणूस बाटली द्यायचा.

त्या दुपारी तिला दम लागला तो बसेना. जीपनं त्याच दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरनं धडपड केली, पण अर्ध्या तासात गेली. पंप का बंद केला, असं त्यानं विचारलं. मी गोळ्यांची बाटली पुढं केली.

बाहेर आल्यावर खिडकीतला माणूस माझ्या मागं आला.

"बाबा, त्यात औषध न्हवतं. बाईंची बदली झाली. नवीन कुणी आलं न्हाई. साखरेच्या साध्याच गोळ्या भरून देतो आमी."

"मंग सांगायला तोंड न्हवतं व्हय?"

"रिकाम्या हातानं पाठवलं की लोक शिव्या घालत्यात."

मी त्याच्या पायाशी थुंकलो. खरं तर निम्मी थुंकी माझ्याच तोंडावर पडायला पाहिजे होती.

संध्याकाळी तिला अग्नी दिला. सकाळी पहिल्या गाडीला निघालो तर भाऊ आडवा आला. "सुतकात कुठं निघाला? लाज हाय का?"

त्याला बाजूला सारून दवाखाना गाठला. खिडकीपुढं सात-आठ बाया उभ्या होत्या. म्हणालो, "गोळ्या साध्या हायेत. आधीचं औषध सोडलं असंल तर आजच सुरू करा."

एक म्हातारी म्हणाली, "ह्याला काय कळतंय?"

मी खिडकी वाजवली. "सांग यांना."

त्यानं तोंडानं सांगेपर्यंत मी खिडकी सोडली न्हाई.